आरती, पत्रा आणि बोगदा: स्वमग्न मुलांच्या इअरमफचं कोकणातलं परीक्षण

ऑनलाइन दुकानात ‘मुलांचे इअरमफ’, म्हणजे गोंगाट कमी करायला कानांवर घालायच्या वाट्या, असं शोधलं की पन्नास जोड समोर येतात आणि प्रत्येकावर हसऱ्या मुलाचा फोटो असतो. त्यातला कुठला जोड कोकणातल्या दमट हवेत टिकेल, खोबरेल लावलेल्या केसांवर नीट बसेल आणि वाडीच्या आरतीत मुलाला उभं राहू देईल, हे मात्र तिथे लिहिलेलं नसतं. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या आईबापांना नेमकं तेच हवं असतं. म्हणून हे परीक्षण. आवाज सोसत नाही अशा, साधारण तीन ते आठ वर्षांच्या स्वमग्न मुलांना धरून लिहिलं आहे.

निकाल आधीच सांगून टाकू. बॅटरी नसलेला, लहान मुलांच्याच मापाचा साधा मफ घ्यावा. खोक्यावरच्या आकड्यापेक्षा तो कानाभोवती कसा बसतो ते बघावं. आणि तो ठराविक वेळेपुरताच वापरावा, दिवसभर नाही. या तिन्हीतली एक जरी गोष्ट चुकली तरी चांगला महागाचा जोड आठवड्याभरात माळ्यावर जातो.

खरेदीच्याही आधी एक काम आहे. मूल कान झाकतं म्हणजे त्याला नीट ऐकू येतंच, असं धरून चालू नका. कानाच्या पडद्यामागे पाणी साचलेलं असलं तरी मूल आवाजाला बिचकतं आणि बोलणंही मागे पडतं. ओएई आणि गरज पडली तर बेरा, या ऐकण्याच्या दोन तपासण्या करून घ्या. जिल्हा रुग्णालयात राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं शीघ्र हस्तक्षेप केंद्र, म्हणजे डीईआयसी, असतं. तिथे चौकशी करा. बेराला मूल झोपलेलं लागतं. त्या दिवशी पहाटे लवकर उठवून, वाटेत गाडीत डुलकी लागू न देता न्यायचं.

आता प्रकार बघू. पहिला मुलांच्या मापाचा साधा मफ. दोन वाट्या, त्यांच्या कडेला मऊ गाद्या, आत स्पंज आणि डोक्यावरून जाणारी कमान. वजन साधारण दोनशे ग्रॅम किंवा त्याहून थोडं कमी. थ्री एमचा पेल्टर किड हा यातला जुना, नाव असलेला जोड. युरोपच्या मापात त्याला एसएनआर, म्हणजे आवाज किती कमी होतो त्याचा आकडा, २७ डेसिबल दिलेला आहे. दुसरा प्रकार कारखान्यातला. लोटे-परशुराम, मिरजोळे किंवा कुडाळच्या एमआयडीसीला सेफ्टीचं सामान पुरवणाऱ्यांकडे तो दोन-चारशे रुपयांपासून मिळतो. आवाज तो नक्की अडवतो, पण त्याची कमान मोठ्या माणसाच्या डोक्याची. चार वर्षांच्या मुलाला लावला की सगळ्यात आत सरकवूनही वाट्या कानाखाली उतरतात आणि जबड्याच्या कोपऱ्यात फट राहते. कपडा गुंडाळून कमान वर उचलण्याचा उपाय बरेच जण करतात, पण त्याने वाटी तिरकी होते आणि फट जागची जागी राहते. नऊ-दहा वर्षांच्या थोराड मुलाला मात्र हा चालून जातो, आणि शाळेत ठेवायला दुसरा जोड म्हणून स्वस्त पडतो.

तिसरा प्रकार नॉइज कॅन्सलिंगचा, म्हणजे बॅटरीवरचा. तो उलटी ध्वनिलहर सोडून आवाज मारतो. एसटीची घरघर, जनरेटर, रेल्वेच्या डब्यातला एकसुरी गोंगाट यावर तो छान चालतो. फटाका, शिट्टी, ताट पडल्याचा आवाज यावर त्याचा फारसा उपयोग नाही, कारण असा आवाज येऊन गेलेलासुद्धा असतो. काही मुलांना हा चालू केल्यावर कानात दडा बसल्यासारखं वाटतं आणि ती तो लगेच काढून फेकतात. पहिला जोड म्हणून हा घेऊ नये.

आकड्यांचा घोळ समजून घ्या, म्हणजे विक्रेता फसवू शकणार नाही. खोक्यावर एनआरआर असेल तर ते अमेरिकेचं माप, एसएनआर असेल तर युरोपचं. एकाच मफला एसएनआर सहसा मोठा येतो, त्यामुळे एकाचा एनआरआर आणि दुसऱ्याचा एसएनआर यांची तुलना करायची नाही. शिवाय हे आकडे प्रयोगशाळेतले. अमेरिकेतल्या कामगार-सुरक्षेच्या हिशोबात एनआरआरमधून ७ वजा करून उरलेल्याचं निम्मं धरतात. म्हणजे २५ लिहिलेला मफ प्रत्यक्षात ९ डेसिबलच्या आसपास कमी करेल असं समजायचं. ऐकायला हे थोडं वाटतं. पण १० डेसिबल उतरले की कानाला आवाज साधारण निम्मा झाल्यासारखा वाटतो, आणि बहुतेक मुलांना तेवढ्यानेच पुरतं. खोक्यावर कुठलाच आकडा नसेल, नुसतं ‘साउंडप्रूफ’ लिहिलेलं असेल, तर तो जोड परत ठेवा.

आकड्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे कुठला आवाज अडतो आणि कुठला आरपार येतो. साधा मफ बारीक, टोकदार आवाज उत्तम अडवतो, जाड घुमणारा आवाज कमी अडवतो. म्हणून झांज, टाळ, शिट्टी, मिक्सर, कुकर, ताटावर घासलेला चमचा यांना तो अक्षरशः बोथट करतो. ढोल आणि डीजेच्या पेटीतला धडधडाट मात्र येतोच, आणि तो छातीतून आणि पायाखालच्या जमिनीतूनही जाणवतो. शिमग्यात पालखीबरोबर ढोल दारात आले की मफ घातलेलं मूलही रडतं, त्याचं कारण हे. मफ खराब निघाला असं समजून नवा मागवू नका. ढोलासाठी उपाय अंतराचा आहे. परसाकडच्या खोलीत नेऊन बसवलं, मध्ये दोन भिंती आल्या, की फरक पडतो. मांडीवर जाड गोधडी किंवा उशी दाबून धरली तर अंगात शिरणारी धडधड मुलाला कमी बोचते, असा बऱ्याच घरांतला अनुभव आहे.

गणपतीची आरती हा मफचा खरा कस. माजघरात पंधरा-वीस माणसं, प्रत्येक दुसऱ्याच्या हातात झांज, वर लाकडी छत आणि आवाज जायला फक्त ओटीचं दार. पहिल्या आरतीला लय संथ असते, तेव्हा बरीच मुलं मफ लावून टिकतात. बिघडतं ते शेवटाकडे, लय दुप्पट होते तिथे. मग मंत्रपुष्पाला आवाज एकदम खाली येतो, घरच्यांना वाटतं झालं आता, आणि तिथेच कोणीतरी मफ काढून घेतं. पुढच्याच क्षणाला जयजयकाराची आरोळी उठते. त्या आरोळीने घाबरलेलं मूल दुसऱ्या दिवशी माजघरात पाऊल टाकत नाही. तेव्हा आरती संपली असं वाटल्यावरही मफ कानावर राहू द्या. प्रसाद वाटायला सुरुवात झाली, झांजा टोपलीत पडल्या, की मगच काढा. मुलाला मूर्तीजवळ उभं करू नका, ओटीच्या दाराशी उभं करा. बाहेर जायची वाट त्याच्या पाठीशी मोकळी हवी. सुरुवातीला एकच आरती, मग अंगणात. दीड दिवसाच्या गणपतीत एवढं जमलं तरी पुष्कळ. पाच किंवा सात दिवसांचा असेल तर रोज थोडं वाढवता येतं.

हे जमायचं तर तयारी चतुर्थीच्या तीन आठवडे आधी सुरू करावी लागते. चतुर्थीच्याच दिवशी खोकं फोडून मफ कानावर चढवला तर मुलाच्या डोक्यात मफ आणि गोंगाट यांची कायमची गाठ बसते, आणि पुढे मफ दिसला तरी ते पळतं. पहिले दोन-तीन दिवस मफ नुसता खेळण्यांच्या टोपलीत राहू दे. मग बाहुलीला लाव, बाबाला लाव, आजीला लाव. त्यानंतर मुलाच्या खांद्यावर, मग एका कानाला हलकेच टेकवून तीन आकडे मोजायचे आणि काढायचा. आकडे मोठ्याने मोजा, म्हणजे संपणार कधी ते त्याला कळतं. दोन्ही कानांवर दहा आकडे टिकला की मग वीस, मग एक मिनिट. हे सगळं शांत घरात. त्यानंतर दुसऱ्या खोलीत मिक्सर, मग त्याच खोलीत, आणि शेवटी घरच्याघरी एका झांजेची छोटी आरती. मधे एखाद्या दिवशी नको म्हणालं तर एक पायरी मागे या, दोन नाही. आणि पहिल्या दिवसापासून मफ काढायचा हक्क मुलाचा. हात धरून ठेवून घातलेला मफ कधीच चालत नाही. बोलत नसलेल्या मुलाला मफचं चित्र असलेलं कार्ड द्या. ते पुढे केलं की लगेच मफ द्यायचा, ‘आत्ता कशाला’ असं विचारायचं नाही. न ओरडता, न चावता ‘मला आवाज होतोय’ असं सांगायची ती त्याची पहिली वाट असते.

बसतो की नाही हे तपासायची जागा म्हणजे कानाच्या पाळीमागचा खळगा, जबडा आणि मान मिळते तिथला. फट बहुतेक वेळा तिथेच असते. गादीच्या कडेने बोट फिरवून बघा, सगळीकडे सारखी टेकली पाहिजे. केसांचा झुपका, चष्म्याची काडी, कानातली बाळी यातलं काहीही मधे आलं की आवाज आत शिरतो. बोलणाऱ्या मुलाला मिक्सर चालू असताना वाट्या बाहेरून हलक्या दाबून विचारा. दाबल्यावर आवाज बराच कमी होत असेल तर मुळात मफ नीट बसलेला नाही. काढल्यावर कानाभोवती लाल वळ दिसणारच, पण तो अर्ध्या-पाऊण तासात गेला पाहिजे. जात नसेल तर कमान फार घट्ट आहे. अशी कमान रात्रभर मफच्याच खोक्यावर ताणून ठेवली की थोडी सैलावते. तीन-चार रात्रींत फरक कळतो. जास्त ताणली तर कायमची ढिली पडते, म्हणून रोज लावून बघायचं.

कोकणातली हवा या वस्तूची वैरी आहे. घामाने आतला स्पंज ओला होतो आणि पावसाळ्यात वाळत नाही. त्याला कुबट वास येतो, आणि वासाला नाजूक असलेलं मूल मफ नाकारायला लागतं. घरच्यांना वाटतं सवय मोडली, खरं कारण वास असतं. वापर झाला की वाट्या उघड्या ठेवून पंख्याखाली वाळवा, पिशवीत कोंबू नका. गाद्या कोमट पाण्यात भिजवलेल्या फडक्याने, सौम्य साबण लावून पुसा. स्पिरिट किंवा सॅनिटायझर लावलं की वरचं आवरण कडक होऊन तडकतं. खोबरेलही तेच करतं, हळूहळू. मफ लावायच्या दिवशी कानाभोवती तेल नको. जुन्या बनियनच्या सुती कापडाची पातळ खोळ गादीवर चढवली तर घाम टिपला जातो आणि आवाज अगदी थोडाच जास्त येतो. कमान घेताना वर प्लॅस्टिकचं आवरण असलेली बघा. उघडी तार खाऱ्या हवेत एका पावसाळ्यात गंजते. गादी तडकली, चपटी झाली किंवा सहा महिने झाले की बदलायची. म्हणून जादा गाद्या मिळतात असाच जोड घ्या. सुट्या गाद्या न मिळणारा स्वस्त जोड शेवटी महागात पडतो.

पत्र्यावरच्या पावसाला मात्र मफ हा उपाय नाही. आषाढातला पाऊस आठ-आठ दिवस खळत नाही, आणि तेवढे दिवस मफ घालून ठेवला तर कान त्या शांततेला सरावतो. मेंदू मग आतून आवाज वाढवून घेतो आणि मफ काढल्यावर साधं बोलणंही टोचायला लागतं. एका वेळी वीस-तीस मिनिटं, मग शांत जागेत काढून विश्रांती, हा अंदाज ठेवा. जेवताना आणि बोलायला शिकताना तर तो कानावर नकोच, कारण शब्दही त्याच बारीक आवाजांतून कळतात. पत्र्याचा बंदोबस्त पत्र्यालाच करावा. आतून फळ्यांचं किंवा पीव्हीसीचं छत घातलं तर आवाज उतरतो. खर्च झेपत नसेल तर मूल झोपतं तेवढ्याच भागावर पत्र्यावरून झावळ्या दोरीने घट्ट बांधा. थेंब थेट पत्र्यावर आपटत नाही. पावसाळा संपला की त्या लगेच काढायच्या, नाहीतर कुजून पत्रा खातात.

कोकण रेल्वेच्या प्रवासात मफ फार उपयोगी पडतो, पण वेळ साधता आली पाहिजे. उघड्या खिडकीच्या डब्यात बोगदा लागला की आवाज एकदम दुप्पट-तिप्पट होतो आणि अंधारही होतो. रत्नागिरीच्या उत्तरेचा करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटरचा आहे, म्हणजे काही मिनिटं तोच गोंगाट. मुंबईकडून येताना चिपळूण सोडल्यावर खिडकी खाली करून मफ हाताशी ठेवा आणि बोगदा संपला की काढा. स्टेशनवर कर्ण्याखालचा बाक टाळा. दाभोळ-धोपाव्याच्या फेरीबोटीत भोंगा निघताना वाजतो, तेव्हा बोटीत चढायच्या आधीच मफ चढलेला हवा.

कापसाचे बोळे जवळजवळ काहीच अडवत नाहीत, आणि त्यांचे धागे कानात राहतात. रबरी इअरप्लग लहान मुलाला देऊ नका, ते तोंडात जातात. फटाक्यांना मफ लावून मुलाला अंगणात उभं करणं बरोबर नाही. त्याची भीती अचानकपणाची असते, आणि ती मफने जात नाही.

शाळेत अडचण वस्तूची नसते, माणसांची असते. मफ घातलेलं मूल ऐकत नाही, इतर मुलं मागतील, शिस्त बिघडेल, ही तीन वाक्यं जवळजवळ ठरलेली. म्हणून तोंडी विनंती करू नका, मुख्याध्यापकांच्या नावे साधा अर्ज द्या आणि एका प्रतीवर पोच घ्या. मजकूर चार ओळींचा पुरे: ‘माझा मुलगा स्वमग्न आहे. घंटा, परिपाठाचा कर्णा आणि मधल्या सुट्टीचा गोंगाट त्याला सोसत नाही. त्या वेळेपुरता इअरमफ वापरू द्यावा आणि घंटा वाजण्याआधी त्याला सांगावं. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ च्या कलम १६ नुसार ही वाजवी सोय मिळावी.’ स्वमग्नता या कायद्यातल्या २१ दिव्यांगत्वांपैकी एक आहे, आणि कलम १६ मध्ये मुलाच्या गरजेप्रमाणे सोय करून देण्याची जबाबदारी शाळेवर टाकलेली आहे. एक प्रत गटसाधन केंद्रातल्या समावेशित शिक्षणाच्या विशेष शिक्षकांना द्या. ते शाळेत येऊन वर्गाला समजावून सांगू शकतात. ‘इतर मुलं मागतील’ याला उत्तर सोपं आहे: पहिल्या दिवशी वर्गातल्या प्रत्येकाला एकदा घालून बघू दे. दुसऱ्या दिवशी कोणी मागत नाही. जिथे रुळाच्या तुकड्यावर हातोडा मारून घंटा देतात, तिथे त्या मुलाला घंटेच्या भिंतीपासून लांबच्या बाकावर बसवायला सांगा. मफइतकाच फरक त्याने पडतो.

मंडळाशी आणि वाडीशी आधी बोललेलं बरं. स्पीकरची पेटी घराच्या दिशेने नको, एवढी विनंती मंडप उभारताना केली तर बहुतेक जण ऐकतात. पेट्या बांधून झाल्यावर कोणी हलवत नाही. रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिवर्धक बंद, हा २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांचा दंडक आहे, आणि वस्तीत रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल. काही सणांना सरकार मध्यरात्रीपर्यंत सूट देतं, ती वर्षाला जास्तीत जास्त १५ दिवस. ते दिवस कुठले हे तहसील कचेरीत आधी विचारून घ्या, म्हणजे त्या रात्री मुलाला कुठे झोपवायचं हे ठरवता येतं.

मुंबईहून येणारे पाहुणे ‘याला हे काय घातलंय’ म्हणून मफ उचलून बघतात, प्रेमानेच. एखाद्या काकाने मागून येऊन असा एकदा काढला की तीन आठवड्यांची मेहनत पाण्यात जाते. चाकरमानी यायच्या आधी घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन ओळी टाका: मफ कोणी काढायचा नाही, आणि आरतीच्या वेळी झांजा मुलापासून लांबच्या बाजूला. नव्या गाद्या आषाढातच मागवून ठेवा. पावसात आडगावात कुरिअर वेळेवर पोचत नाही, आणि चतुर्थीच्या आदल्या आठवड्यात तडकलेली गादी दोऱ्याने शिवून काही उपयोग होत नाही. सुईच्या भोकांतून आवाज आत येतो.